खंडेनवमीला धुतलेला कॉम्प्युटर

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

रविराजने आज कॉम्प्युटर धुतला!

पुसला नाही. धुतला! शेजारच्या युनूसभाईंच्या गॅरेजमधून गाड्या धुवायचं प्रेशरचं मशीन मागून आणलं. आधी वजनकाट्याचा लोखंडी प्लॅटफॉर्म धुतला, मग स्वतःची गाडी, मग माझ्या केबिनची जाळी. एवढ्यावर थांबतोय कुठला! टेबलाखालचा डबा उचलून बाहेर नेला आणि त्याच्यावरही फवारा सोडला. मी घरी नैवेद्याच्या गडबडीत. जाऊ, म्हणजे रविराजची बायको दिपाली, पळत सांगायला आली तोवर डबा गच्चीवर उलटा वाळत टाकलेला होता.

"अवो वहिनी, वायर काढूनच धुतला की! करंट कुठं हाय त्याला?"

वर हळद-कुंकू लावलं. झेंडूचा हार घातला. आतून पाणी गळतंय, वरून हार लोंबतोय. पूजा मोडायची नाही म्हणून तोंड मिटून उभी राहिले. पण दात असे आवळले होते की अजून कानशील दुखतंय.

२ ऑक्टोबर, दसरा

वाळवला. लावला. दिवा लागला, पंखा फिरला. मग आतून टक्… टक्… टक्… आणि स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात काहीतरी नकारघंटा.

माझ्या काट्याचा कॉम्प्युटर गेला.

रविराजला वाईट वाटलं असेल तर त्याने ते छान लपवलं. सोन्याची पानं हातात देता देता म्हणतो, "वहिनी, एका अर्थी बरंच झालं. आता ऑटोमॅटिक काटा बसवू. कॅमेरा नंबर वाचतो, दांडी आपोआप वर, चिठ्ठी आपोआप भाईर. माणूसच लागत न्हाई!"

माणूस म्हणजे मी.

पाडव्याच्या मुहूर्तावर बुकिंग करणार म्हणे. तोवर माझा डबा चालू झाला तर ठीक, नाहीतर मी घरी बसून आराम करायचा. आराम! सहा वर्षांपूर्वी हे गेले तेव्हा लोकांनी हाच शब्द वापरला होता. महिनाभर मी घरात भिंतीकडे बघत बसले होते. मग एक दिवस काट्याची चावी घेतली आणि खिडकीत येऊन बसले. गेटवर अजून यांचंच नाव आहे, नवनाथ वजनकाटा, चाकण. पण खिडकीत मी. तिथे मी कुणाची बिचारी नाही. तिथे मी काकू आहे. काकू म्हणाली 'घे मागे', की दहा चाकांची गाडी मुकाट मागे जाते. कांद्याच्या गाड्या, कंपन्यांच्या गाड्या, नांदेडचे ड्रायव्हर, राजस्थानचे ड्रायव्हर. सगळी दुनिया माझ्या खिडकीशी येऊन थांबते.

ही खुर्ची मी सोडणार नाही. लिहून ठेवते.

३ ऑक्टोबर

दिवसभर हाताने चिठ्ठ्या फाडल्या. काट्याचं वजन लाल आकड्यात दाखवणारा तो इंडिकेटर ठणठणीत आहे. (त्याच्यावर सरकारी शिक्का आहे म्हणून रविराजने पाणी मारलं नाही. नशीब!) बघायचं, लिहायचं. मार्केट यार्डातले कांदेवाले काही बोलत नाहीत. पण कंपनीच्या गेटवरून दोन गाड्या परत आल्या. "काकू, छापील पाहिजे म्हणतात. हाताची चालत नाही."

ड्रायव्हर बिचारा मलाच सॉरी म्हणाला. मला रडूच यायचं राहिलं होतं.

४ ऑक्टोबर

डबा रिक्षात मांडीवर घेऊन नदीमच्या दुकानात गेले. युनूसभाईंचा पुतण्या, जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दुकान म्हणजे काय, जिकडे बघावं तिकडे उघडलेले डबे. बसायला जागा नाही, एका प्रिंटरवर बसले.

त्याने झाकण उघडलं. आत एक झेंडूची पाकळी. तो पाकळीकडे बघतो, माझ्याकडे बघतो. "भाभी… ये क्या है?"

"प्रसाद," म्हटलं.

निदान असं: हार्ड डिस्क खलास, बाकी सगळं जिवंत. दुसरी डिस्क तो घालेल. पण त्यावर जुनी विंडोज चढवली तरी काट्याचा प्रोग्रॅम कुठून आणायचा? तो ज्याने दिला होता तो माणूस कधीच दुकान बंद करून गेला. प्रोग्रॅमची सीडी आहे का, नदीमने विचारलं. आहे की! घरी फोन लावला. दिपाली म्हणाली, "ताई, ती होय? ती मी बाल्कनीत टांगलीय, कबुतरं हाकलायला."

मी नदीमला एवढंच सांगितलं की सीडी खराब झाली.

नवा कॉम्प्युटर घ्यावा तर मागे ते नऊ टाचण्यांचं भोक नसतं, ज्यात काट्याची जाड केबल बसते. आणि नवी विंडोज या डब्यावर बसणारच नाही. मग तो खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून म्हणाला, "भाभी, विंडोजऐवजी लिनक्स टाकू का? फ्री आहे. जुन्या मशीनला जीव लावते ती. काट्याचा छोटा प्रोग्रॅम मीच लिहितो."

फ्री! या कंपन्यांच्या बेल्टात फुकट काय मिळतं? "मग तुला काय मिळतं त्यात?" विचारलं.

"सुकून," म्हणाला. गंभीर चेहऱ्याने! कुणाच्या हाती सापडले मी.

६ ऑक्टोबर

पहिला पेनड्राइव्ह लावला. मशीनने वाचला आणि चक्क नाही म्हणाली. हा प्रोसेसर फार जुना, चालणार नाही. नदीम हळहळला. पूर्वी सगळे जुन्यांसाठी वेगळी सिस्टीम काढायचे म्हणे, आता बहुतेकांनी सोडून दिलं. थोडे लोक उरलेत जे अजून काढतात, कुठेकुठे बसून, स्वतःच्या वेळात. मी म्हटलं, ते थोडे लोक शोध.

७ ऑक्टोबर

सापडले! दुसरा पेनड्राइव्ह चालला. भरभर अक्षरं वाहिली. आम्ही दोघं खूश, त्याने चहा सांगितला.

चहा आला तोवर स्क्रीन काळीठिक्कर.

मशीन चालू, पंखा चालू, स्क्रीनवर अमावस्या. नदीम म्हणाला, जुनं ग्राफिक कार्ड आहे, नव्या तऱ्हेने बोललं की घाबरतं. सुरू होतानाच त्याला सांगायचं, बाबा, साधंच बोल. त्यासाठी एक शब्द आहे. चालू होताना इंग्रजी 'इ' दाबायचं, समोर येते त्या लांबलचक ओळीच्या शेवटी जायचं, 'नोमोडसेट' लिहायचं, मग एफ दहा. लिहिलं. आणि उजेड पडला, हो! निळा पडदा, डोंगराचं चित्र.

आता रोज हे करायचं का, मी विचारलं. नाही, त्याने आत कुठेतरी कायमचं लिहून टाकलं. तरी मी तो शब्द पाठ करूनच घरी आले. रिक्षात पुटपुटत होते, रिक्षावाला आरशातून बघत होता.

८ ऑक्टोबर

मी नदीमकडे असते तेव्हा खिडकीत दिपाली बसते. हाताने चिठ्ठ्या फाडते. आज एक ड्रायव्हर मला म्हणाला, "काकू, छोट्या वहिनी लई हसून बोलतात."

बोलू दे. मी काय रडून बोलते?

९ ऑक्टोबर

डबा केबिनमध्ये आणला. आता इंटरनेट! त्यासाठी वायफायची काडी लावली. मशीन ओळखत नाही. त्या काडीचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्रॅम, पाहिजे. ड्रायव्हर कुठे मिळतो? इंटरनेटवर. इंटरनेट कशाने चालतं? त्या काडीने! विहिरीतून बादली काढायला दोर पाहिजे, आणि दोर बादलीलाच बांधलेला.

नदीमला फोनवर खूप बोलले. तो शांत. "भाभी, मोबाइल केबलने जोडा ना." जोडला. लागलं नेट. लगेच! आधी सांगायला काय झालं होतं? "तुम्ही बोलू दिलं नाही," म्हणतो.

१० ऑक्टोबर

मशीनला वाटतंय आज १ जानेवारी २००९ आहे. म्हणून इंटरनेटवरून काही उतरवून घेत नाही. जे मागावं त्याला म्हणते, हे अजून व्हायचंय! मला क्षणभर वाटलं, बरंय की. २००९ मध्ये हे होते. संध्याकाळी काटा बंद करून आम्ही दोघं राजगुरुनगरला मिसळ खायला जायचो. मशीनला तिथेच राहायचं असेल तर मी कोण तिला ओढून आणणारी.

नदीम म्हणाला, आतला बॅटरीचा सेल मेलाय, नाण्यासारखा गोल असतो तो बदला. दुकानं धुंडाळायला वेळ कुणाला? दिपाली म्हणाली, "तसाच सेल यांच्या गाडीच्या चावीत असतो, ताई." आणि माझ्याकडे बघत राहिली. मीही तिच्याकडे.

संध्याकाळी रविराज गाडीभोवती फिरत बटण दाबत होता. "वहिनी, ही उघडंना झाली की वो!" म्हटलं, धुतली असशील. दिपाली पदर तोंडाला लावून आत पळाली. एवढी हसताना तिला मी पहिल्यांदा पाहिलं.

मशीनमध्ये आज १० ऑक्टोबर २०२५ आहे.

१२ ऑक्टोबर

परवानगी नाही.

काट्याची केबल मागे लावली, नदीमने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम चालवला, आणि मशीन म्हणते परवानगी नाही! माझा काटा, माझी केबल, माझी जागा, आणि मलाच परवानगी नाही! नदीम म्हणाला, तुमचं नाव एका ग्रुपमध्ये घालावं लागतं, त्या ग्रुपच्या लोकांनाच ते भोक वापरता येतं. हा कसला ग्रुप? बचत गट आहे का? नाव घातलं. तरी नाही. परत घातलं. तरी नाही. अर्धा दिवस गेला. शेवटी त्याला आठवलं, नाव घातल्यावर एकदा सिस्टीममधून बाहेर पडून पुन्हा आत यावं लागतं. बाहेर पडले, आत आले, चाललं.

म्हणजे मंजुरी मिळाली तरी माणसाने उठून जाऊन पुन्हा यायचं. सरकारी ऑफिसातच वाढलीय ही सिस्टीम.

१३ ऑक्टोबर

आजचा दिवस मी विसरणार नाही.

सकाळी केबलमधून येत होतं ते चौकोन, प्रश्नचिन्हं, कावळ्याचे पाय. दोघांची बोलायची गती जुळत नाही म्हणे, इंडिकेटर सावकाश बोलतो आणि कॉम्प्युटर घाईत ऐकतो. नदीमने गती कमी केली. आकडे आले! खरे आकडे! मी टाळीच वाजवली.

बघायला गाडी नव्हती. रविराज मध्येच टोमणे मारायला आला होता, त्यालाच म्हटलं, उभा राहा प्लॅटफॉर्मवर. राहिला, कमरेवर हात ठेवून. कॉम्प्युटरने दाखवलं, अकरा हजार किलो.

रविराज अकरा टन!

दिपाली खिडकीची जाळी धरून खालीच बसली. नदीम डोळे पुसत होता. मी ओरडले, "रविराज, उतर, प्लॅटफॉर्म वाकेल!" तो लालबुंद. "हसा! हेच्यावर कंपनीच्या गाड्या मोजणार व्हय तुमी?"

मग इंडिकेटर बघितला. लाल आकड्यात ११०. काटा आमचा दहा-दहा किलोनेच मोजतो, पण एवढं काही चुकत नाही. गाडी आली एक कांद्याची, तिचं इंडिकेटरवर १५२४०, कॉम्प्युटरवर ४२५१०. तेव्हा कळलं. इंडिकेटर पुढचं शून्य धरून सहा आकडे पाठवतो, आणि पाठवतो उलटे, शेपटीकडून! ०००११० निघालं ते ०११००० होऊन पोचलं. त्याच्या कंपनीने का असं केलं देव जाणे. नदीमने प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहून ते फिरवून घेतलं.

जाताना रविराज म्हणाला, पाडव्याला बुकिंगवाला येणार हाय, तेवढं ध्यानात असू द्या. आहे ध्यानात. दुसरं काय आहे डोक्यात?

१४ ऑक्टोबर

प्रिंटर! तो जुना, करकर करत टाचण्यांनी छापणारा. आवाज एवढा की बाहेर ड्रायव्हरला कळतं चिठ्ठी झाली. मला वाटलं याच्यापायी आठवडा जाणार. लावला आणि छापलं! ड्रायव्हर नाही, परवानगी नाही, नोमोडसेट नाही. जणू वाट बघत बसला होता. नदीम म्हणाला, जगाने टाकून दिलेल्या असल्या वस्तू या लिनक्सला नीट ओळखू येतात.

मी त्या प्रिंटरला स्वतःच्या हाताने कोरड्या फडक्याने पुसलं. कोरड्या!

१५ ऑक्टोबर

पहिल्या छापील चिठ्ठ्या दिल्या. दुपारी गाडी परत. कंपनीच्या गेटवाला म्हणतो, वजन पहाटे साडेचारला केलंय, गाडी तर सकाळी निघाली, हा काय घोळ आहे? चिठ्ठी बघितली. दहाच्या ठिकाणी साडेचार.

रविराजच्या चेहऱ्यावर दिवाळी आठवडाभर आधी आली.

नदीम म्हणाला, मशीन अजून इंग्लंडच्या ग्रिनिच वेळेत राहतेय. साडेपाच तास मागे. तिला इथल्या वेळेत आणलं. आधी सोळा वर्षं मागे, आता साडेपाच तास मागे. येतेय हळूहळू, येतेय माझ्यापर्यंत.

१७ ऑक्टोबर

रविराजने मला मुद्दाम नेलं, शेलपिंपळगावच्या बाजूला एकाने ऑटोमॅटिक काटा बसवलाय तो दाखवायला. खरंच छान आहे. खोटं कशाला लिहू? केबिनला काच, आत एसी, आणि आत कोणीच नाही.

एक ट्रक आला. नंबर प्लेटवर दसऱ्याचा सुकलेला हार, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, खाली लिंबू-मिरची. कॅमेरा बघतोय, बघतोय. दांडी काही उठेना. ड्रायव्हर हॉर्न देतोय, पण तिथे ऐकायला आहे कोण? शेवटी शेजारच्या टपरीवरचा पानवाला उठून आला आणि हार बाजूला केला. सवयीचं असावं त्याच्या.

रविराज म्हणाला, सणापुरतंच होतं तसं. पण मला हसू आलं नाही. ती रिकामी खुर्चीही नसलेली केबिन डोळ्यांपुढून जाईना. भीती वाटली. साधी, सरळ भीती.

१८ ऑक्टोबर

धनत्रयोदशी. प्रोग्रॅममध्ये मराठी बटणं आली. 'भरलेली गाडी', 'रिकामी गाडी', 'छापा'. मोठी मोठी, चष्म्याशिवाय दिसतील अशी. नदीमला मीच सांगत होते, दिपाली मागे उभी. ती म्हणाली, गाडीचा नंबर एकदा टाकला की पुढच्या वेळी आपोआप आला पाहिजे. मी तिच्याकडे वळून बघितलं. मला का नाही सुचलं?

नदीमने केलं. मला जरा राग आला. कशाचा, कळेना.

२० ऑक्टोबर

सगळं चालतंय. लिहितानाही भीती वाटते, नजर लागेल.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

कॉम्प्युटरची पूजा केली. पाण्याचा थेंब नाही! हळद-कुंकवाचं बोटसुद्धा डब्याला नाही, शेजारी भिंतीला लावलं. रविराजला दहा हात लांब उभं केलं.

पूजा चालू असताना स्क्रीनवर एक चौकट आली. नवीन आवृत्त्या आल्या आहेत, घ्यायच्या का? आता लक्ष्मीपूजनाच्या वेळी दारात आलेलं नवं कुणी परत लावतं का? मी नमस्कार केला आणि 'हो' दाबलं.

२२ ऑक्टोबर, पाडवा

सकाळी केबिन उघडली. मशीन चालू केली. काळीठिक्कर!

बाहेर रविराज, त्याच्याबरोबर बुकिंगवाला, इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग. कंपनीची गाडी प्लॅटफॉर्मवर चढलेली. नदीमचा फोन बंद, तो कुटुंबाला घेऊन गावाला गेलेला. काल घेतलेल्या त्या नव्या आवृत्तीने नदीमने कायमचं लिहिलेलं पुसलं, एवढं कळलं. कुणी सांगितलं नाही, पण कळलं. दुसरं काय असणार?

दिपालीने माझं तोंड बघितलं आणि ती फराळाचं ताट घेऊन बाहेर गेली. "अहो, पाडव्याला असं तोंड गोड न करता जाता का?" चकल्या, लाडू, करंज्या. ड्रायव्हरलाही, बुकिंगवाल्यालाही, नवऱ्यालाही. बुकिंगवाल्याला लाडू एवढा मोठा दिला की त्याचं बोलणंच बंद.

मी मशीन बंद केली, चालू केली. 'इ' दाबायला उशीर झाला, ती पुढे निघून गेली. पुन्हा काळं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. 'इ'. सापडली ती ओळ. शेवटी गेले. नोमोडसेट. एफ दहा.

उजेड!

भरलेली गाडी. नंबर आपोआप आला. वजन बरोबर, इंडिकेटरशी पडताळलं. छापा. करकर करकर! चिठ्ठी फाडून ड्रायव्हरच्या हातात दिली, तारीख बरोबर, वेळ बरोबर. तो गेला आणि परत आला नाही. तासाभराने कंपनीतून फोन आला, "चिठ्ठी चालली हो काकू." तोवर बुकिंगवाल्याची करंजी संपली होती.

रविराज माझ्या खिडकीशी आला. मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वहिनी. तुमचा डबा भारी हाय." आणि बुकिंगवाल्याला घरी जेवायला घेऊन गेला, म्हणजे नाही म्हणायला सोपं जाईल.

मी केबिनचं दार लावून घेतलं आणि खूप रडले. खुर्चीत बसूनच.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

पुनावळ्याला भावाकडे गेले. काट्यावर दिपाली. निघताना तिला सगळं दोनदा सांगितलं. काही अडलं तर फोन कर, कधीही कर, जेवताना असले तरी कर. फोन फुल चार्ज करून ताटाशेजारी ठेवला. भाऊ चिडवत होता, ओवाळतेयस मला आणि बघतेयस फोनकडे.

फोन आला नाही. एकदाही.

परतीच्या रिक्षात मला खूप एकटं वाटलं. खुर्ची जिंकली तर असं का वाटावं?

२४ ऑक्टोबर

चिठ्ठ्या बघितल्या कालच्या. एक चूक नाही. कागद अडकला होता, तो तिने सोडवला. सकाळी स्क्रीन काळी झाली होती तर तो शब्द टाकून चालू केली. तो तिलाही पाठ! कधी केला? "तुम्ही रात्री झोपेत पुटपुटता, ताई," म्हणाली.

मग चहा गाळता गाळता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "काल एका ड्रायव्हरने मला विचारलं, तुमचं नाव काय. लग्न होऊन आल्यापासून मला कुणी नाव विचारलं नव्हतं."

चहा गार झाला.

२५ ऑक्टोबर

शिक्रापूर रोडच्या शालनबाईंचा फोन. त्यांचाही काटा आहे. कॉम्प्युटर जुना, नवी सिस्टीम बसत नाही, पोरगा म्हणतो फेकून द्या. "नदीम म्हणाला, रंभाताईंना विचारा. म्हणून तुलाच लावला फोन. येशील का गं?"

म्हटलं, बघते.

२७ ऑक्टोबर, सोमवार

शालनबाईंच्या केबिनमध्ये बसून लिहितेय. डबा उघडलाय, आत उंदराचं घर निघालं. 'परवानगी नाही' इथवर पोचलेय. त्यांच्या व्याह्यांचाही एक काटा आहे, उद्या तिकडे बोलावलंय. मघाशी रविराजचा फोन आला, "वहिनी, अवो कुठं हाय तुमी? हितं तुमच्या खुर्चीत दिपाली बसलीय!"

म्हटलं, बसू दे. तिचीच आहे ती.